इनोकेचं स्ट्रेचर

१४ फेब्रुवारी १९४४, बोगनव्हिल बेट

डोंगरातून उतरायच्या तिन्ही वाटा जपान्यांनी बंद केल्या. आमची फिजीची पलटण मध्ये अडकलीय. शिपाई इनोकेच्या पोटात गोळी. खंदकातच पोट उघडलं, आतडं दोन ठिकाणी शिवलं. वरून माती पडत होती, म्हणून वाइसालेने ताडपत्री धरली. माझा स्ट्रेचरवाला, आणि माझ्या बहिणीचा, लितियाचा नवरा. म्हणतो, "मेव्हणे, शिवण तुमच्या लितियापेक्षा बरी आहे हं." अशा वेळीही!

१५ फेब्रुवारी

इथल्या गावकऱ्यांना समुद्राकडची एक चोरवाट ठाऊक आहे. उद्या उजाडताच निघायचं. कॅप्टन हॅलिडेंनी मला बाजूला घेतलं. न्यूझीलंडचे, माणूस वाईट नाही. "पोटाची जखम, डॉक्टर. हा पोचणार नाही. आणि याच्यापायी दुसरे मरतील. तुमच्याकडे मॉर्फिन आहे ना?"

सुई भरली. इनोके झोपला होता. नाडी पाहिली — चांगली होती. नसती तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

सुई रिकामी केली. बाहेर येऊन म्हटलं, "न्यायचा." वाइसाले पुढच्या दांड्याशी जाऊन उभा राहिला. मी त्याला विचारलंही नव्हतं.

१६ फेब्रुवारी

चढ, चिखल. स्ट्रेचर दोराने वर ओढलं. सगळ्यांचे खांदे सोललेत. इनोके तापात म्हणतो, "मला इथंच ठेवा."

वाइसाले म्हणाला, "गप पड. एकदा ठेवला तर परत कोण उचलणार एवढं धूड?"

१७ फेब्रुवारी

चाललो. बस.

१८ फेब्रुवारी

ओढ्यापाशी मागून गोळीबार. सगळे झटकन आडवे झाले. वाइसालेने आधी स्ट्रेचर हळूच खाली टेकवलं. तेवढ्यात त्याच्या मानेत गोळी लागली. मी पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुरायला वेळ नव्हता. केळीची पानं घातली. पुढचा दांडा मी धरला.

कॅप्टनांनी पानांकडे पाहिलं आणि पुढे झाले. "सांगितलं होतं" असं बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

समुद्र दिसला. बोटी आहेत. लितियाला काय सांगू?

२३ फेब्रुवारी, तळावरचं इस्पितळ

इथले मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमचा पोटवाला जगला." ऐकून मला राग आला. मेला का नाही, असं वाटलं. वाटलं ते लिहितोय.

त्याच्याकडे गेलो. त्याने पाणी मागितलं, मान उचलून पाजलं. मग म्हणाला, "डॉक्टर, वाइसालेला बोलवा ना."