टाकीत बुडालेला डबा

आई,

नवा बल्ब बसवायला गच्चीवर चढलो अन् टाकीत डोकावलो. टाकी काठोकाठ भरलेली हाय! पाण्यावर तरंगायचा डबा गंजून, भोक पडून तळाला बसलाय, म्हणून त्याच्या दोरीचा दगड बाहेर भिंतीवर वरच अडकून रोज ‘रिकामी’च दाखवायलाय. ते बघून आपण रोज मोटार लावतो अन् जास्तीचं पाणी मागच्या नाल्यात जायलंय.

अन् आपण द्वारकाला पाणी उधळती म्हणून माहेरी लावून दिलं! ‘नळाला जोर हाय, टाकी भरलेली हाय,’ असं ती रडून सांगायली होती. वर चढून बघते म्हणली, तर सुनेनं गच्चीवर जायचं न्हाई म्हणून तूच तिचा हात धरलास.

मी तिला आणायला पोखर्णीला चाललोय. मोटार लावू नको. शिडीबी काढू नको. आल्यावर आधी ती वर चढंल.

लिंबाजी