पंचनाम्यावरची माझी सही

माय,

आज दुपारी जिल्हा कोर्टात माझी साक्ष झाली. बातम्यांसाठी पंचवीस वर्षं त्या कोर्टात जाते आहे, पण पिंजऱ्यात उभी राहिले ती आज पहिल्यांदा. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, कोनाच्या बाजूनं गेली व्हती? गेले होते सरकारी बाजूने. बाहेर आले तेव्हा कोणत्याच बाजूची राहिले नव्हते. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. त्यामुळे हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. जिवंत असतीस तरी मीच समोर बसून वाचून दाखवलं असतं, आणि वाचताना एखादी ओळ गाळली असती.

खटला एका मुलीचा आहे. आता चोवीस वर्षांची, तेव्हा एकवीसची. किन्हीराजा गावाहून वाशिमला आली, कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. मोबाईल दुरुस्त करणारा धनजकडचा एक मुलगा भेटला. दोघांनी एक खोली भाड्याने घेतली, घरमालकाला नवरा-बायको म्हणून सांगितलं आणि लग्न न करता दोन वर्षं राहिली. एका सकाळी तिने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता त्याच्या डोक्यात घातला. मग स्वतःच खाली जाऊन घरमालकाला म्हणाली, मी मारलं, गाडी बोलवा. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. मारल्याचं तिने एकदाही नाकारलेलं नाही. तिचं म्हणणं एवढंच की तो तिला पट्ट्याने मारत होता, नेहमी मारायचा, त्या सकाळी त्याने गळाही धरला आणि तिच्या हाताला बत्ता लागला. हे खरं ठरलं तर ती सुटेल, किंवा थोड्या वर्षांत बाहेर येईल. खोटं ठरलं तर जन्मठेप. शेजारपाजारच्यांनी काहीच ऐकलेलं नाही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कागदात फक्त हातावरच्या जखमेची नोंद आहे, पाठ त्यांनी बघितलीच नव्हती. आणि तिच्या अटकेच्या वेळचा अंगझडतीचा पंचनामा म्हणतो की आरोपी महिलेच्या अंगावर कोणतीही जखम अगर वळ दिसून आले नाहीत. त्याच्याखाली बाई पंच म्हणून माझी सही आहे.

बाईची झडती बाईसमोर घ्यावी लागते, आणि पोलिसांना बाई पंच सहज मिळत नाही. कोण स्वतःहून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा मागे लावून घेईल? मी त्या दिवशी ठाण्यात बातमी घ्यायला गेले होते. ओळखीची महिला पोलीस म्हणाली, ताई, दोन मिनिटं आत या, शेजारच्या मास्तरीणबाई हो म्हणून पळून गेल्या. मी गेले. मागच्या खोलीत ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती. अंगावरचा कुर्ता जप्त करायचा होता, त्यावर त्याचं रक्त होतं. तिने दोन्ही हात वर केले आणि तसेच ठेवून म्हणाली, "ताई, मागून हळू धरा. चिकटलं हाये." तिच्या पाठीला कुर्ता चिकटला होता. मी पाणी मागवलं, रुमाल ओला करून बोटबोटभर सोडवत कापड वर घेतलं. खाली पाठ होती. काही वळ काळेनिळे, काही पिवळे पडलेले, दोन तर त्या सकाळचेच, अजून ओले. महिला पोलीस खिडकीकडे बघत होती. मग आम्ही बाहेर आलो. टेबलावर पंचनामा तयारच होता. आरोपी कोणीही असो, लिहिणारा हवालदार जुन्या नमुन्यावरून उतरवून काढतो, फक्त नाव आणि कपड्यांचा रंग बदलतो. मी महिला पोलिसाकडे बघितलं. ती म्हणाली, "असू द्या वं ताई, रोजचा नमुना हाये." साडेपाचला पेपरचं जिल्ह्याचं पान लागणार होतं. मी सही केली.

तुला वाटेल, माझ्या पोटची पोरगी आणि असं कसं केलं. म्हणून तुझ्याबद्दल बोलते, म्हणजे मला वाटतं तुझ्याबद्दल, बघू. अनसिंगात बाळंतिणींना तेल लावायला तुलाच बोलवायचे. मळेवाल्यांच्या घरी, पाटलांच्या घरी तू मागच्या दाराने जायचीस. तुझ्या हातचं तेल चालायचं, पाणी नाही. तू गेल्यावर बाळंतीण आंघोळ करणारच असायची, त्यामुळे कोणाला वेगळं काही करावं लागत नसे. लसूण घालून कढवलेलं तेल, खाटेखाली ओवा-शोपांची धुरी, आणि तुझा उजवा अंगठा मणक्याच्या बाजूने खाली उतरतो आहे. गावातल्या बायकांच्या पाठी जेवढ्या तू बघितल्यास तेवढ्या त्यांच्या आयांनीही बघितल्या नसतील. एखादीच्या पाठीवर वळ दिसले तर तू तोंडातून शब्द काढायची नाहीस. बाहेर येऊन सासूला एवढंच सांगायचीस की कंबर काही भरली नाही बाप्पा, अजून पंधरा दिवस लागतील, वरच्या दिवसांचे पैसे देऊ नका. असं पुढे ढकलत बारा दिवसांची मालीश तू सव्वा महिन्यावर न्यायचीस. रोज बाहेरची एक बाई घरात येऊन पाठ बघते म्हटल्यावर नवऱ्याचा हात आवरतो, हे तुझं गणित मला खूप नंतर समजलं.

ते समजण्याआधीची चूक मात्र माझी. मी दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती, म्हणून तेलाची वाटी धरायला तुझ्याबरोबर मळेवाल्यांकडे आले होते. त्यांची मधली सून पालथी झोपली होती. मी मोठ्याने विचारलं, काकू, हे कायनं झालं? सासू दारातच बसून मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली आणि तुला सांगितलं की उद्यापासून येऊ नको, आमची आम्ही करू. आपण घरी आलो. मला वाटलं मार बसणार. तू चूल पेटवलीस, परातीत पीठ घेतलंस, आणि पहिली भाकर तव्यावर टाकून मग बोललीस. "तू बोलली अन् मोकळी झाली. तिले कोन राह्यलं आता? आपून घरी येऊन भाकर खाऊन राह्यलो. तिले त्याच घरात राहाचं हाये." तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी विसरले असते. पुढे कधीतरी ती सून तुला बाजारात दिसली होती आणि हसली होती, एवढं तू सांगितलंस. त्या हसण्याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही.

माझ्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले, तो पहिला दिवस मला अजून त्वचेवर आठवतो. हात नेहमीपेक्षा सावकाश फिरत होता. खांद्यापाशी थांबला, बरगडीपाशी थांबला, कमरेशी आला. तू चाचपत होतीस. माझा नवरा मी स्वतः निवडलेला, तू त्याला दोनदाच भेटलेली. मी श्वास धरून पडले होते, लपवण्यासारखं काही नसतानाही. मग तू तेलाची वाटी परत चुलीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "जवाई चांगला हाये." आणि त्यानंतर असं रगडलंस की मी रडले. तुझ्याकडून मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र, आणि मिळालं ते त्याला.

तर ती सही करताना मला तुझंच आठवलं, असं मी स्वतःला सांगत आले. पाठीवरचं पोटात ठेवावं, चारचौघांत काढू नये. मुलीच्या वकीलबाई गेल्या महिन्यात पंचनाम्याची प्रत घेऊन घरी आल्या, तेव्हा त्यांनाही मी थोडंफार असंच काही सांगितलं. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या, सरकारकडून नेमलेल्या. चहा निवेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मॅडम, तुमच्या आईंना त्या घरात उद्या परत जायचं होतं. या मुलीकडे तुम्ही परत कधी गेलात? मी गेले नव्हते. तीन वर्षांत दर तारखेला ती मागच्या बाकावर पोलिसांमध्ये बसलेली असायची, मी पुढच्या बाकावर वही घेऊन. तिच्याबद्दलच्या बातम्या मीच दिल्या. पहिल्या बातमीत 'लग्नाविना राहणारी' हे शब्दही माझेच होते. पाठीबद्दल एकही नाही.

सरकारी वकिलांनी आज ठरल्याप्रमाणे विचारलं. त्या दिवशी तुम्हाला बोलावलं होतं का? होतं. तुमच्यासमोर कुर्ता जप्त झाला का? झाला. ही सही तुमची आहे का? माझी आहे. मजकूर बरोबर आहे का? इथे पंच 'हो' म्हणतात आणि घरी जातात. मी म्हणाले, सही माझी आहे, मजकूर बरोबर नाही. वकील हातातलं पान उलटत होते, ते तसंच राहिलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, काय बरोबर नाही, नीट सांगा, एका वेळी एक वाक्य, लिहून घ्यायचं आहे. मी एका वेळी एक वाक्य सांगितलं. जज्जसाहेब ते टायपिस्टला सांगत गेले, तो टाइप करत गेला. साक्षीदाराने आरोपीची पाठ पाहिली. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत वळ होते. त्यांपैकी दोन ताजे होते. पंचवीस वर्षं मी अशी वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतली आहेत, माझ्या तोंडून ती फार लहान वाटली.

मग सरकारी वकिलांनी मला फितूर घोषित करायची परवानगी मागितली. 'पंच फितूर' हे हेडिंग मी किती वेळा दिलंय. आमच्या डेस्कवरचा मुलगा सकाळीच फोनवर म्हणाला होता, ताई, काही गडबड करू नका, नाहीतर उद्याचं हेडिंग तुम्हालाच द्यावं लागेल. वकील माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, जिल्हाभर लोक तुमचं लिहिलेलं वाचतात. तुम्ही स्वतः सही करता त्या कागदावर काय आहे ते वाचत नाही?" मागे कोणीतरी हसलं. मी म्हणाले, "घाई होती. न वाचता सही केली." तेही टाइप झालं. मुलीच्या वकीलबाईंनी मान हलवली, म्हणजे चांगलं झालं असं. निकाल अजून यायचा आहे, पण आजच्या साक्षीने तिच्या बाजूला पहिल्यांदा काहीतरी कागदावर आलं, असं त्या नंतर म्हणाल्या.

व्हरांड्यात त्या मुलाची आई बसली होती. दर तारखेला धनजहून येते, एकटीच, पिशवीत पाण्याची बाटली आणि त्याचा फोटो. मला वाट काढून जायचं होतं, पण तिने माझा पदर धरला. "माह्या पोराच्या डोक्याचं बी पाहाचं होतं बाई. ते नाही दिसलं तुमाले?" मी म्हणाले, दिसलं. तिने पदर सोडला. माझ्याकडे तिच्यासाठी आणखी काही नव्हतं, अजूनही नाही. ती खोटी नाही, माय. तिने त्याला वाढवताना पट्टा हातात दिला नव्हता.

मुलीला गाडीत बसवायला नेत होते. महिला पोलीस तीच, त्या दिवशीची. माझ्याकडे न बघता म्हणाली, ताई, आमालेच अडकवलं तुमी. पण मुलगी थांबली तेव्हा तिने हाताला ओढ दिली नाही, बाजूला तोंड करून उभी राहिली. मुलगी बारीक झाली आहे. तिने विचारलं, "ताई, तवाच काहून नाही सांगतलं?" आवाजात राग नव्हता, माहिती हवी होती. मी तेच सांगितलं, वाचलं नव्हतं गं. तिने क्षणभर विचार केला आणि मलाच धीर देत म्हणाली, "हौ, मले आठवते. तुमी सारख्या घड्याळ पाहून राह्यल्या होत्या." आणि गाडीत चढली.

घरी येऊन बसले आहे. साडेपाच वाजून गेले, बातमी दुसऱ्या कोणीतरी दिली असेल. कागद पुढे घेतला तो तुला मुलीचं सांगायला. पण सांगायचं होतं ते वेगळंच.

मी वाचलं होतं, माय. सगळा पंचनामा वाचला होता, वरपासून खालपर्यंत, त्या ओळीसकट. पंचवीस वर्षांची सवय आहे, न वाचता माझ्याकडून सही होतच नाही. 'कोणतीही' या शब्दापाशी पेन थांबलंही होतं. कोर्टात खरं सांगितलं असतं तर वकील म्हणाले असते, वाचून सही केलीत म्हणजे तेव्हा तो मजकूर तुम्हाला खराच वाटला होता. मुलीचं नुकसान झालं असतं. असा बचाव मला आता सुचतो आहे. पिंजऱ्यात सुचला नव्हता, तिथे फक्त लाज वाटली. आणि तिच्यासमोर उभी होते, तिथे तर कोणता वकील होता?

आणि तुझं नाव मी उगाच पुढे केलं. सही करताना मला ना तुझी चूल आठवली, ना ती मळेवाल्यांची सून. डोक्यात पान होतं, आणि पुन्हा पुन्हा तारखांना यावं लागेल याचा कंटाळा होता. तू त्या टेबलापाशी कुठेच नव्हतीस.