तुझ्या वहीतली ओढ

प्रिय बाई,

सप्रेम जयभीम. सारं किनवट तुला बाई म्हणायचं, मग मीही म्हणायला लागलो. नवऱ्याने बायकोला बाई म्हणावं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

तू गेल्यावर पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. वाचायला तू नाहीस, आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायलाही कुणी नाही. पण परवा नांदेडहून तुझ्या पुस्तकाची प्रुफं आली. हो, पुस्तक! तुझ्या आश्रमशाळेतल्या पोरी आता आज्या व्हायला आल्या. त्यांनी तुझी रसायनाची वही छापायचं मनावर घेतलंय. प्रुफं तपासणारा मुलगा रसायनात एम.एस्सी. आहे. त्याने सगळीकडे तुझा ‘ओढ’ हा शब्द लाल शाईने खोडून वर ‘आंतररेण्वीय बल’ लिहिलंय. सोबत चिठ्ठी, की काकांची संमती हवी.

काय सांगू त्याला? तो शब्द जन्मला तेव्हा मी तिथं होतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आठवतं? कचेऱ्या आल्या, साहेबलोक आले, त्यांचे पांढरे कपडे आले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारा मी, तोवर साबणाची एक कढई टाकून बसलो होतो. आता दोन झाल्या. तुझी नोकरी मात्र किनवटला, रानातल्या शाळेत. महिन्यातून एकदा मी यायचो आणि शनिवारी सकाळच्या शाळेत तुझ्या वर्गाबाहेर ओट्यावर बसायचो. आठवी नापास, पण कान तिखट. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं आणि दुसरं तेलाकडे, हे तीन वर्षं साबण विकून मला कळलं नव्हतं. ते त्या ओट्यावर कळलं.

त्या दिवशी पाण्याचा रेणू चालला होता. ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉनची जोडी भागीदारीत ठेवतात, पण ऑक्सिजन ती जास्त स्वतःकडे घेतो. म्हणून रेणूचं एक टोक जरा ऋण, दुसरं जरा धन. मग एका रेणूचं धन टोक शेजाऱ्याच्या ऋण टोकाकडे कलतं. हा रेणूच्या पोटातला बंध नव्हे, तू म्हणालीस, हे दोन रेणूंच्या मधलं. त्याचं पुस्तकी नाव तू फळ्यावर लिहिलंस, पण ते कुणाला वाचताही येईना. घरी गोंडी, बंजारा, तेलुगू बोलणारी लेकरं ती. तू ते नाव पुसलंस आणि लिहिलंस, ओढ.

मागच्या रांगेतल्या एका पोरीने विचारलं, “बाई, पावसानं ओढ दिली म्हणतेत, तीच का ही?”

त्या साली आषाढ कोरडा चालला होता. पावसाने ओढ दिली म्हणजे तो आलाच नाही, आणि तू शिकवत होतीस ती ओढ तर जवळ आणणारी. आता बाई काय करते म्हणून मी कान टवकारले.

“शब्द एकच हाय,” म्हणालीस. “जवळ हाय त्याची बी ओढ, आन् येत न्हाई त्याची बी.”

जेवताना मी तुला विचारलं, तो वांदरवाला कोण? तुला काही कळेना. म्हटलं, तासाच्या शेवटी सांगत होतीस तो, वांदरवाल्याचं बळ. व्हॅन डर वाल्स! हातातली भाकर खाली ठेवून तू इतकी हसलीस की शेजारची स्वयंपाकीण काय झालं बघायला आली. मग डोळे पुसत मला समजावलंस. “लई हलकं बळ असतंय ते. जवळ असलं तरच. जरा लांब गेलं की संपलं.” आणि माझ्याकडे बघत राहिलीस.

बाई, मला ऐकू आलं होतं. किनवटला साबणाची कढई चालली नसती असं काही नव्हतं. पण मी भाकर मोडत म्हणालो की नव्या जिल्ह्यात हीच वेळ आहे, दोन साल दम धर. दोनाची सात झाली. तुझी लातूरला बदली झाली तेव्हा माझ्याकडे चार कढया होत्या आणि तुझे केस पिकायला लागले होते. पण तूही सरळ का नाही म्हणालीस, इथंच राहा म्हणून? आठवी नापास माणसाला असलं काही रसायनातून सांगतात का?

आज त्या मुलाला फोन केला. भांडायची तयारी करूनच बसलो होतो. पोरगं अदबीचं निघालं. म्हणालं, “काका, शब्द गोड हाय, पण लेकरं पेपरात तेच लिहितील आन् मार्क जातील.” तुझ्या कुठल्या लेकराचा अर्धा मार्क गेला तरी तुला जेवण गोड लागायचं नाही. म्हणून सौदा केला. सौदा मला जमतो. व्याख्येत, ठळक अक्षरात त्याचा शब्द. तू जिथं समजावून सांगतेस तिथं तुझा. तो तयार झाला. एकेक पान घेत आम्ही तुझी ओढ परत बसवत गेलो.

शेवटच्या पानावर मी अडलो. तिथं तू लिहिलंयस, ‘रेणू एकमेकांपासून लांब गेले की त्यांच्यातली ओढ झपाट्याने कमी होते.’ सौद्याप्रमाणे इथंही तुझाच शब्द यायला हवा होता. तुला जाऊन चौदा महिने झाले. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्याला सांगितलं, इथं तुमचा शब्द राहू द्या.

“का हो काका?”

“इथं बाईचं चुकलंय,” म्हटलं.

बल कमी होत असेल, छापू दे त्याला.

पुस्तक आलं की पहिला गठ्ठा घेऊन मी स्वतः किनवटला जाईन. परतीची गाडी ठरवून जाणार नाही. चार दिवस, आठ दिवस, मन भरेपर्यंत राहीन. या वेळी कुणी ‘राहा’ म्हणायची वाट बघणार नाही, हा माझा शब्द.

तुझाच,
किसन
लातूर