आईच्या काचा

प्रिय ठमाबाई,

अक्षर वाकडं आलं तर नाक मुरडू नकोस. बऱ्याच महिन्यांनी पत्र लिहायला बसलोय, आणि ओळ कुठे वाकडी गेली ते मला दिसतंय, हीच आजची बातमी. बाबांची नजर गेली, असं दादाने तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू रडलीस. मी शेजारीच होतो. फोन त्याच्या हातात, आवाज मोठा करून ठेवलेला. बाबा, बरे आहात ना, असं तू विचारलंस आणि मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

आपल्या धंद्यातली रीत तुला ठाऊक आहे. चष्मेवाल्याने स्वतःचे डोळे स्वतः तपासायचे नाहीत. अक्षरांचा तक्ता पाठ असतो, न दिसणारंही आपण वाचून टाकतो. माझे डोळे तुझी आई तपासायची, शाळेतल्या बाईंसारखी दटावत. शेवटी शेवटी तिचा आणि माझा नंबर अगदी एकच झाला होता. आमचं एकमत झालं ते तेवढ्यावरच, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि ती आतून पडदा जोरात ओढायची. ती गेल्यावर हे काम दादाकडे आलं. मीच शिकवलेला हात. मागल्या वर्षी त्याने मला खुर्चीत बसवलं, काचा बदलून बदलून पाहिल्या आणि म्हणाला, बाबा, डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय, आता चष्म्याने भागायचं नाही. तरी नव्या काचा घालून दिल्या, त्या नुसत्या नाकाला भार. पोटच्या पोरावर शंका कोण घेतं?

मग पेपर बंद झाला. पडाल म्हणून दुकानाचा जिना उतरणं बंद झालं. फोन चार्जिंगला म्हणून खाली गेला तो खालीच राहिला. जेवण, औषधं सगळं वेळेवर, उगाच नावं का ठेवू? अधूनमधून तो एखादा कागद आणायचा, विजेचं आहे म्हणायचा आणि माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवायचा. लहानपणी त्याचं बोट असंच धरून मी अक्षरं गिरवून घेतली होती. मी सही करायचो.

परवा दुपारी आईचं कपाट चाचपत होतो. कशासाठी म्हणशील तर कशासाठीच नाही. तिचा चष्मा हाताला लागला. काचेवर धूळ होती. हात गप्प बसेना, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि साफ झाला का बघायला सवयीने नाकावर ठेवला. समोर कॅलेंडर होतं. त्यातला आकडा न् आकडा वाचला. तळाचं छापखान्याचं बारीक नावसुद्धा वाचलं. ठमे, आनंद झाला नाही गं. दादाने दिलेला चष्मा लावून तेच कॅलेंडर पुन्हा पाहिलं, तर सगळं धूसर.

नंतर जुनी कानस शोधली, आईच्या मोठ्या काचा कडेने घासल्या आणि माझ्याच फ्रेममध्ये बसवल्या. दादाला पत्ता नाही. काल तो कागद घेऊन आला. आंधळ्यापुढे कोणी चेहरा सांभाळत नाही. माझं बोट धरताना तो खिडकीकडे बघत होता, खालचा ओठ चावत, लहानपणी काही फोडलं की चावायचा तसा. विजेचं आहे, म्हणाला. माझी शेवटची ठेव मोडायचा अर्ज होता. आणि मी सही केली. त्याचं दुसरं दुकान बुडालं हे मला माहीत आहे. मागितलं असतं तर दिलं नसतं का? पैसे गेल्याचं नाही लागलं इतकं. मी शिकवलेल्या विद्येने त्याने माझेच डोळे काढून घेतले, हे लागलं.

हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. पुढच्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे म्हणून तो मला नोंदणीच्या कचेरीत नेणार आहे. वरचं घर आणि खालचं दुकान त्याच्या नावावर करायला. त्याला जिन्यात फोनवर बोलताना ऐकलं. सही करायची नाही असं मी ठरवलंय, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. त्याने बोट धरलं की हात आपोआप चालतो. म्हणून त्याआधी तू ये. फोन करू नकोस, सरळ ये. म्हाताऱ्याला दिसत नाही, कळत नाही, असं त्याने चार लोकांत सांगून ठेवलंय, तेव्हा मला दिसतंय हे लिहून घ्यायला आधी मला परक्या चष्मेवाल्याकडे ने. मग बँकेत जाऊ आणि माझ्यावाचून खात्याला कोणी हात लावू नये, असं मॅनेजरसमोर बसून सांगू. हे पत्र दाढी करायला येणारा न्हावी टाकेल. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण दादाशी त्याचं वाकडं आहे. दादाला रागावू नकोस, त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलेन. आणि सोमवारी तो मला नेणारच असेल, तर नेऊ दे. तू फक्त माझ्या उजव्या बाजूला बस आणि तेवढा वेळ माझं बोट तू धर.

खिडकीत बसून वाट बघणारे,
तुझेच बाबा