डेलियांना थंडी वाजू नये म्हणून

ती. गेनोवेफाताईस वीटोल्डचा नमस्कार.

तुझी कंबर आता वाकू देते का आणि मांजराचा सुजलेला डोळा उघडला का, ते कळव. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. म्हणजे युस्तिना ठीक आहे आणि मला जेवायला मिळतंय.

युस्तिना ऑगस्टअखेर गुडघ्यांच्या उपचारासाठी आरोग्यधामात गेली, हे तुला ठाऊक आहेच. निघताना तिने बजावलं, की बागेत जायचं, टोमॅटोला पाणी घालायचं आणि हात खिशात घालून घरी यायचं. (हात खिशात असताना झारी कशी धरायची, ते सांगितलं नाही.) सुरुवातीला मी तसंच वागलो. पण कुंपणापलीकडचे झेनोनराव रोज काही छाटत होते, काही बांधत होते, काही झाकत होते. शरद तोंडावर आलेला आणि माझ्या हातात नुसती झारी, हे बरं दिसेना. म्हणून मी रास्पबेरीला हात घातला. फळं देऊन झालेल्या काठ्या तळापासून कापायच्या, एवढं मला माहीत आहे. पण कुठल्या काठीचं देऊन झालंय, ते काठी थोडीच सांगते? कुणावर अन्याय नको, म्हणून सगळ्या कापल्या. झेनोनराव कुंपणाला टेकून शेवटपर्यंत बघत होते. काम उरकल्यावर म्हणाले, की पलीकडची रांग तर आत्ता कुठे फळं धरत होती. मग आधी का नाही बोललात, असं मी विचारलं.

"तुम्ही इतके रमला होतात," ते म्हणाले, "मन होईना."

झालेलं नुकसान भरून काढावं म्हणून मी डेलियांकडे वळलो. युस्तिनाची आई गेल्यावर तिने माहेरच्या अंगणातून आणलेले तेच कंद. ते थंडीआधी काढून तळघरात ठेवावे लागतात. गेल्या वर्षी उशीर झाला, हिमाने दोन गेले आणि ती दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. यंदा उशीर होऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. सप्टेंबर नुकताच लागला होता, फुलं ताटाएवढी झाली होती. सगळे कंद खणले, पुसले, चाळलेल्या वाळूत ओळीने निजवले. (फुलं झेनोनरावांच्या बायकोला दिली. ती का कुणास ठाऊक, घ्यायला तयार नव्हती.)

युस्तिना ठरल्यापेक्षा लवकर परतली आणि बॅग घेऊन थेट बागेतच आली. रिकाम्या वाफ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मी हिमाचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "आईची फुलं बघायची म्हणूनच मी लवकर आले."

मी बॅग उचलली. घरी आल्यावर तिने तळघरात जाऊन एकेक कंद हातात घेऊन दाबून पाहिला. जगतील की नाही, ते वसंतातच कळेल म्हणाली. तेव्हापासून ती माझं सूप टेबलावर ठेवते आणि स्वतःचं बाल्कनीत नेऊन पिते. लसूण एकटीच लावते. मी झारी आणून दिली की घेते, पण माझ्याकडे बघत नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
वीटोल्ड

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. पहिलं हिम पडेपर्यंत मी तुझ्याकडे राहावं, असं युस्तिनाचं म्हणणं आहे. माझी बॅग तिने भरलीसुद्धा. नाही म्हणू नकोस.

आणखी एक ता. क. तुझ्या दारचं नाशपातीचं झाड फार माजलंय, हे मागच्या खेपेला पाहिलं होतं. काळजी करू नकोस. नवी करवत घेतली आहे. बॅगेत मावत नाही, हातातच आणीन.