बैलांनी पसंत केलेला रूळ

बाबा, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हे पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. परवा मुलगा म्हणाला, ट्रॅक्टरमागे लावायला नवा रूळ घेऊ, तुम्ही निवडा. तेव्हापासून मला झोप नाही.

त्या वर्षी तुमच्या पाठीत उसण भरली होती आणि गव्हाच्या वावरात ढेकळं तशीच पडून होती. तुम्ही खाटेवरून म्हणालात, "इतवारीच्या बाजारातून ढेकळं फोडाले रूळ आण. बरोबर आणशीन, त रब्बीचं सारं तूच पाहायचं. नाई त लहान्याले सांगतो." माझा धाकटा भाऊ, लहान्या, दारातच हसला. मी दोन दिवस नुसता विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून बैलांनाच बाजारात नेलं.

अवजारांच्या दुकानापुढे तीन रूळ मांडलेले आहेत: दगडाचा, लाकडाचा, लोखंडाचा. मी बैल सोडून दगडाच्या रुळाला जुंपतो. मागे हातगाड्या अडतात. दुकानदार ओरडतो, "काहून गा भाऊ, पोरगी पाहाले आणले का हे दोन नवरदेव?" दगडाचा त्यांनी हलवलाही नाही. लाकडाचा मुकाट ओढला. लोखंडाचा जुंपला, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, दुकानाच्या फळ्या उघडल्या आणि बैल जे धावले, ते गिऱ्हाइकांना मागे टाकूनच थांबले. मला वाटलं, कौल मिळाला. घेतला लोखंडाचा.

वावरात बैल एक पाऊल टाकेनात. पाठीला हात लावून तुम्ही वावराच्या कडेला, धुऱ्यावर आलात.

"तिथं कसे ओढत होते?"

"धावत होते जी."

"समोर काय होतं?"

"ढेपेचं दुकान."

तुम्ही धुऱ्यावरच बसलात. "हसवू नको गा, पाठ दुखून राहिली!" मग टोपल्यात ढेप घेतली आणि वाकलेल्या पाठीने बैलांच्या पुढे चालू लागलात. मागे बैल, त्यांच्यामागे रूळ, आणि सगळ्यांत मागे मी. संध्याकाळपर्यंत वावर सपाट झालं आणि ढेपेचं पोतं रिकामं.

जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, "आतापासून रब्बीचं हाच पाहीन."

लहान्या चिडला. "मंग बैलाईलेच द्या ना!"

"चूप. ओझं ज्याले ओढा लागते त्याले इचारावं, हे याच्या ध्यानात आलं. तुह्या आलं असतं का?"

मी मान खाली घालून भाकर खात राहिलो. आई वाढत राहिली. त्यानंतर सारी वर्षं वावर मीच पाहिलं, आणि घरात अजूनही सांगतात की याला मुक्या जनावराची कळकळ आहे.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? गादीखाली ठेवतो. पण बाबा, लाकडाचा रूळ मला पाहताक्षणीच पसंत पडला होता. बैलांना मी विचारायला नेलं नव्हतं. निवड चुकली तर तुम्ही रागवायचं कोणावर, त्याची सोय म्हणून नेलं होतं.