विचारलं तेवढंच

३ जानेवारी
टीबीच्या गोळ्या आजपासून. संकल्प: एकही चुकवायची नाही आणि डॉक्टरांशी शंभर टक्के खरं बोलायचं. त्यांनी विचारलं, घरात कोणाला या गोळ्यांचा त्रास झाला होता का? आत्याला याच गोळ्यांनी कावीळ झाली होती. पण ती आता दुसऱ्या गावी राहते. म्हणजे घरात नाही. मी "नाही" म्हणाले. शेजारी बसलेल्या बाबांनी मान डोलावली. मला आणि धाकट्या भावाला लहानपणी त्यांनीच घरी शिकवलं. पहिला धडा: विचारलं तेवढंच सांगावं. शिवाय आमच्या रक्तात खोट नाही, असं ते म्हणतात.

११ जानेवारी
लघवी नारिंगी. हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. औषध चोख काम करतंय.

२४ जानेवारी
मळमळ. अन्न बघवत नाही. आई म्हणते, फोन कर डॉक्टरांना. पण भेटीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मधेच त्रास देणं बरं नाही.

३० जानेवारी, सकाळ
डोळे पिवळसर. बाथरूमचा बल्ब जुना झालाय. आजच बदलते.

संध्याकाळ
नव्यात जास्त पिवळे दिसतात. बल्ब परत करणार.

३१ जानेवारी
धाकटा म्हणाला, ताई, पिकलीस गं, आता उतरवायला हवं. हसले. हसताना उजव्या बरगडीखाली दुखतं. कमी हसायचं ठरवलं.

२ फेब्रुवारी
आत्याचा व्हिडिओ कॉल. मला बघताच बाबांना बोलावून घेतलं. दादा, माझं असंच झालं होतं, विसरलास? डोळ्यांवर पट्टी बांधलीस काय? बाबा म्हणाले, नेटवर्कमुळे रंग बिघडतात. मलाही पटलं.

५ फेब्रुवारी, वॉर्ड
लिव्हर सुजलंय. गोळ्या बंद. डॉक्टर म्हणाल्या, काहींच्या शरीरातून हे औषध फार सावकाश निघतं, साचत जातं. हे जन्मापासूनच असतं, एकाच रक्ताच्या माणसांत सापडतं. आत्याचं कळलं असतं तर डोस बेतून दिला असता, रक्त तपासत राहिले असते. मी म्हटलं, तुम्ही "घरात" विचारलं होतं. त्या बघतच राहिल्या. प्रश्न चुकला हे त्यांना पटलं असावं.

१९ फेब्रुवारी, वॉर्ड
खोकला परत आला. रक्तही. गोळ्या एकेक करून पुन्हा द्यायच्या आहेत, पण लिव्हर दाद देत नाही.

२६ फेब्रुवारी
धाकट्यालाही टीबी. बाबांनी त्याला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. त्याच गोळ्या. तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं, घरात कोणाला त्रास झाला होता का? तो "नाही" म्हणाला.

उत्तर अचूक आहे. मी सध्या घरात नाही.